गिरणाऱ्यापलीकडचे आकाशदर्शन: वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

नाशिकहून गंगापूर रस्त्याने निघून गिरणारे गाव मागे टाकले, की हरसूलच्या बाजूला एका मळ्यात ही वेधशाळा आहे. वेधशाळा म्हटल्यावर जो घुमट डोळ्यांसमोर येतो, तो इथे नाही. रुळांवर सरकणारे पत्र्याचे छप्पर असलेली एक खोली, तिच्यापुढे फरसबंद अंगण आणि आपापली नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून अमावस्येच्या आसपासचे शनिवार इथे काढणारी काही हौशी माणसे, एवढाच या वेधशाळेचा पसारा आहे. आम्ही १७ जानेवारी २०२६ रोजी, म्हणजे पौष अमावस्येच्या आदल्या दिवशी, तिथे होतो.

पहिली सूचना वेळेविषयी आहे. जानेवारीत नाशिकला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि आकाश पुरते काळे व्हायला साडेसात वाजतात. म्हणून दुर्बिणी सुरू होतील तेव्हाच पोहोचावे, असा हिशेब बरेच जण करतात. परंतु त्यामुळे कार्यक्रमाचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हातचा जातो. संधिप्रकाशाच्या त्या तासाभरात दुर्बिणीला कोणी हात लावत नाही. सतरंज्यांवर बसवून नुसत्या डोळ्यांनी आकाश वाचायला शिकवतात, आणि ज्याला तेवढे येत नाही त्याला पुढे दुर्बिणीतून जे दिसते ते आकाशात नेमके कुठे आहे, हे शेवटपर्यंत उमगत नाही.

शिकवण्याची सुरुवात ध्रुवाने झाली. हात सरळ लांबवून मूठ धरली, तर ती आकाशात साधारण १० अंश व्यापते. आपण जितक्या उत्तर अक्षांशावर असतो, तितकेच अंश ध्रुव क्षितिजापासून वर दिसतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून उत्तर क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की ध्रुव सापडतो. एका निवृत्त शिक्षिकेने प्रत्येकाला स्वतःच्या मुठी मोजायला लावल्या आणि दिल्लीला किती मुठी लागतील, असे मुलांना विचारले. तीनला जरा कमी, हे उत्तर एका सातवीतल्या मुलीने दिले. त्यानंतर डोक्यावर आलेल्या कृत्तिका, त्यांच्या पूर्वेला तांबूस रोहिणी, पुढे मृग, मृगाच्या पोटातील बाणाचे तीन तारे आणि त्या बाणाची रेषा खाली वाढवली की येणारा व्याध, असा क्रम लावून दिला. मृग आणि व्याधाची गोष्ट आजीकडून ऐकलेली असते. मात्र तिचा नकाशा म्हणून उपयोग होतो, हे इथे कळते.

पूर्वेकडे नाशिक शहराचा उजेड आहे आणि तो चांगलाच जाणवतो. उगवणारे तारे त्यात बुडालेले असतात, त्यामुळे संध्याकाळी पश्चिम आणि डोक्यावरचे आकाश पाहून घ्यावे आणि पूर्वेकडचे तारे वर चढेपर्यंत थांबावे. गुरू तेवढा याला अपवाद होता. त्याची प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणे, १० जानेवारीलाच होऊन गेली होती, त्यामुळे शहराच्या उजेडातही मिथुन राशीत, पुनर्वसूच्या जोडीजवळ, तो ठसठशीत दिसत होता.

गुरूवरून जी चर्चा निघाली, ती नाशिककरांना जवळची वाटावी अशी होती. गुरू सिंह राशीत असताना इथे सिंहस्थ भरतो, हे सर्वांना ठाऊक असते. तो गुरू आज नेमका कुठे आहे, हे मात्र जमलेल्यांपैकी फार थोड्यांना सांगता आले. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षे लागतात, म्हणजे तो साधारण वर्षाला एक रास ओलांडतो. आज मिथुनेत, पुढे कर्केत आणि २०२६ च्या अखेरीस सिंहेत, असा त्याचा मार्ग दाखवून देत असतानाच पावणेनऊच्या सुमारास सिंहेतील मघा पूर्वेला वर आली, आणि गुरूला अजून किती अंतर कापायचे आहे ते प्रत्यक्ष दिसले. सिंहस्थाच्या २००३, २०१५ आणि आता २०२७ या वर्षांतले अंतर बारा वर्षांचे आहे, परंतु गुरूची फेरी बारापेक्षा किंचित कमी असल्याने दीर्घ काळात कधीतरी हे अंतर अकरा वर्षांचे धरावे लागते, हेही तिथेच समजले. राशिभविष्याविषयी एका गृहस्थांनी विचारले, तेव्हा स्वयंसेवकांनी त्यांची टिंगल केली नाही. ग्रह कुठे आहे हे आम्ही दाखवतो, इतकेच सांगून ते पुढे गेले. हा संयम मला आवडला.

दुर्बिणींमध्ये सर्वाधिक गर्दी आठ इंची डॉबसोनियनपाशी होती. तिची रचना साधी आहे: एक लांब नळकांडे, तळाशी अंतर्वक्र आरसा, आणि सगळे लाकडी बैठकीवर हाताने फिरवायचे. अंधारात विस्फारलेली डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरची धरली, तर तिच्यापेक्षा हा आरसा आठशेहून अधिक पट प्रकाश गोळा करतो. आरशाचे नाभिअंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचे अंतर, १२०० मिलिमीटर आहे, त्यामुळे २५ मिलिमीटरच्या आयपीसने, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाने, ४८ पट विशालन मिळते, आणि बहुतेक गोष्टींना ते पुरते. विशालन किती, हा प्रश्न येणारा प्रत्येक जण विचारतो. खरे तर आरसा किती मोठा, हे विचारायला हवे.

शनी पश्चिमेला होता आणि साडेदहाच्या सुमारास मावळणार होता, म्हणून पहिली रांग त्याची लागली. पुस्तकातल्या चित्रासारखी कडी पाहायला आलेल्यांची इथे थोडी निराशा झाली. “काका, कडी कुठे आहे?” असे एका मुलाने विचारले. कारण आत दिसत होते ते एक पिवळसर बिंब आणि त्याला आरपार छेदणारी बारीक रेघ. स्वयंसेवकाने डब्यातली भाकरी काढून आधी मुलासमोर तिरकी धरली, मग त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आडवी केली. शनीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा कड्यांची पातळी पृथ्वीच्या रेषेत येते. तसे मार्च २०२५ मध्ये झाले आणि आता कडी पुन्हा हळूहळू उघडत आहेत. मुलांना नेणार असाल, तर हे आधीच सांगून ठेवावे.

मृगातील तेजोमेघ आम्ही दहानंतर पाहिला, आणि तोच त्या रात्रीचा सर्वोत्तम देखावा ठरला. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तो करडा ढग आणि त्याच्या पोटातले चार तारे पाहायला घाई करून चालत नाही. नजर थेट ढगावर न रोखता किंचित बाजूला ठेवावी, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात. मिनिटभर थांबल्यास ढगाचे पंख पसरत जाताना दिसतात. छायाचित्रांतला गुलाबी रंग दिसत नाही, तो कॅमेऱ्याचा असतो. सव्वाअकराच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य हा तारा सर्वांत उंच, म्हणजे दोन मुठींना थोडा कमी, आला होता. गुरू आठ वाजता पाहिला असेल तर अकराला पुन्हा पाहावा, कारण आयो हा त्याचा चंद्र साडेबेचाळीस तासांत फेरी पुरी करतो आणि तीन तासांत त्याची सरकलेली जागा ओळखू येते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. नोंदणी आधी करावी लागते. पावसाळ्यात वेधशाळा बंद असते. रात्री परतीच्या बसवर विसंबू नये, स्वतःचे वाहन असावे आणि ते तोंड रस्त्याकडे करून उभे करावे, म्हणजे निघताना दिव्यांचा झोत अंगणावर पडत नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झोताने ती मेहनत वाया जाते, म्हणून विजेरीला लाल जिलेटिन कागद दुहेरी बांधून न्यावा. चष्मा नुसत्या जवळच्या किंवा लांबच्या नंबराचा असेल तर तो काढून फोकस जुळवता येतो. दंडगोलाकार (सिलिंड्रिकल) नंबर असल्यास चष्मा ठेवावा. आयपीसला हात लावू नये, दुर्बीण हलते आणि मागच्यांचा खोळंबा होतो. कानटोपी, मोजे आणि जाड पांघरूण हवेच. नाशिकच्या जानेवारीला हलके लेखू नये. दवामुळे आमच्या वेळी आयपीस दोनदा पुसून गरम करावे लागले. स्वच्छतागृह एकच आहे. शुल्क नाही, ऐच्छिक देणगीची पेटी आहे, आणि आरशाचा मुलामा दर काही वर्षांनी नव्याने करावा लागतो हे लक्षात घेऊन तीत हात सैल सोडावा.

ज्यांना चंद्र पाहायचा आहे, त्यांनी अमावस्येऐवजी शुद्ध सप्तमी-अष्टमी निवडावी. तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो. लहान मुले बरोबर असतील, तर त्र्यंबक रस्त्यावरील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण तारांगण दुपारी दाखवून मग इकडे यावे, मात्र खेळांच्या वेळा आधी विचाराव्यात. पुण्याहून येणाऱ्यांना वाटेत नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचा तो प्रकल्प सामान्य लोकांना एरवी सहज आतून पाहता येत नाही, परंतु २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तो खुला ठेवतात.

दुसऱ्यांदा जायचे झाल्यास मी एप्रिलची अमावस्या निवडेन. तेव्हा मध्यरात्रीच्या सुमारास नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा हा लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ दक्षिणेला दोन मुठींपेक्षा थोडा अधिक उंच येतो, आणि दिल्लीकरांपेक्षा आपल्याला तो बराच वर दिसतो. त्या सत्राच्या जागा लवकर भरतात, असे स्वयंसेवकांनी सांगितले. मार्च उजाडताच नाव नोंदवून ठेवावे.