ओढ्याचा जबाब

आमच्या अण्णांना कुठल्याही रहस्यकथेबद्दल सांगायला बसलं की तिसऱ्या मिनिटाला ते म्हणतात, "ते राहू दे रे, खुनी कोण?" पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात जन्मभर कारकुनी आणि त्याच्याही आधीपासून बाबुराव अर्णाळकर, असा दुहेरी संस्कार आहे तो. परवा पोहे खाताना त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि मी घास तोंडात धरून गप्प बसलो. कादंबरी संपवून दोन आठवडेही झाले नव्हते आणि खुनी कोण, ते मला धड सांगता येईना. आठवत होत्या त्या नद्या.

कादंबरी म्हणजे बेन आरोनोविच यांची 'रिव्हर्स ऑफ लंडन', 2011 सालची. पीटर ग्रँट हा लंडन पोलिसांतला नवखा शिपाई. कॉव्हेंट गार्डनात एका माणसाचं मुंडकं उडवलेलं सापडतं. रात्री थंडीत पीटर पहाऱ्याला उभा असतो, तेवढ्यात एक साक्षीदार पुढे येतो. त्याने सगळं पाहिलंय. अडचण एवढीच की तो स्वतः कधीचाच वारलेला आहे. पीटर पळत नाही की रामनामाला लागत नाही, सरळ जबाब घ्यायला लागतो.

मी तिथेच पुस्तकाचा झालो.

"सही कोणाची त्या जबाबावर?" अण्णांनी विचारलं. "आणि पंच?"

पंच नव्हते. असते तर पुस्तक तिथेच संपलं असतं. पण अण्णांची शंका मला आवडली, कारण या कादंबरीची निम्मी गंमत असल्या शंकांतच आहे. पीटरच्या नशिबी खरं तर नुसती कागदपत्रं हाकायचं खातं यायचं असतं, पण त्या भुताच्या पायी तो जाऊन पडतो नाइटिंगेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. हा गृहस्थ पोलिसांतला अधिकृत जादूगार! जादूचं शास्त्र बसवलं म्हणे न्यूटनने, त्यामुळे मंत्र लॅटिनमध्ये आणि शिकवणी कडक. तळहातावर एक दिव्याएवढा उजेड पाडायला पीटरला कित्येक आठवडे लागतात. आमच्या आईला उकडीच्या मोदकाला पाकळ्या पाडायला शिकवताना आजीने जेवढा छळ केला असेल, तेवढाच. वर जादू केली की जवळच्या मोबाइलमधल्या चिपची वाळू होते. मग हा पठ्ठ्या किती अंतरावर काय बिघडतं याचे प्रयोग करून नोंदी ठेवतो. चमत्कार बघून हात जोडण्याऐवजी मोजपट्टी काढणारा नायक मला फार दिवसांनी भेटला.

आता तक्रार. आमच्या लहानपणी वाचनालयात अर्णाळकर एका फळीवर असायचे आणि नारायण धारप दुसऱ्या. रहस्यकथेच्या फळीवर भूत निघालं तर शेवटी त्याच्या खाली कोणाचे तरी बूट सापडणार, ही वाचकाची खात्री. धारपांकडचं भूत मात्र खरंच, तिथे फौजदाराला बोलावून उपयोग नाही. इंग्लंडातही ही फाळणी जुनीच. रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यात अलौकिक शक्तींना सरळ मज्जाव आहे. त्याचं म्हणणं रास्तच होतं. भिंतीतून जाता येत असेल तर कडी आतून होती की बाहेरून, यावर डोकं कशाला शिणवायचं?

आरोनोविच दोन्ही फळ्यांवर एकेक पाय ठेवून उभे राहतात आणि बराच वेळ तोल सांभाळतात. जादूला नियम आहेत, तिची किंमत मोजावी लागते, ती घडून गेलेल्या जागी मागे एक खूण राहते. शवागारात प्रेताशी वाकल्यावर पीटरला कुत्र्याचं केकाटणं जाणवतं, ते तसंच. हे मला पुराव्यासारखं वाटलं, पटलं. पण शेवटाकडे त्यांचा तोल जातो. धावपळ फार, गोंधळ फार, आणि मला सुगावा लागण्याआधीच उत्तर हातात येतं. खुनाची गोष्ट आणि नद्यांची गोष्ट एका पुस्तकात राहतात, पण वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांसारखी. नळावर भेट होते, तेवढीच.

त्यातलं नद्यांचं बिऱ्हाड मात्र काय सुरेख मांडलंय! थेम्सचा जुना देव नदीत साचलेल्या सांडपाण्याच्या, 1858 सालच्या त्या प्रसिद्ध दुर्गंधीला कंटाळून वरच्या अंगाला निघून गेलेला. शहरातल्या थेम्सची गादी आता एका नायजेरियन बाईकडे. ती इंग्लंडला आलेली नर्सचं शिक्षण घ्यायला आणि होऊन बसली नदीची देवता. तिच्या मुली म्हणजे फ्लीट, टायबर्न, एफ्रा. लंडनने रस्त्यांखाली गाडून, गटारं करून टाकलेल्या या खऱ्याखुऱ्या नद्या. म्हातारा आणि ही आई यांच्यात हद्दीचा वाद, थेट आपल्याकडच्या बांधावरच्या भाऊबंदकीसारखा, आणि समेट घडवायला पाठवलंय कोणाला, तर नवशिक्या शिपायाला.

हे वाचताना मी लंडन सोडून केव्हाच दांडेकर पुलावर येऊन उभा होतो. कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा एकेकाळी गावातून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांनी तो वळवला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. पुढे तळंही गेलं आणि तिथे सारसबाग झाली. गणपती तेवढा अजून 'तळ्यातला' म्हणवतो. कात्रजचं पाणी जमिनीखालून नळाने पेठांतल्या हौदांत आणलं. त्या नळाच्या वाटेवर हवेसाठी जे मनोरे बांधले त्यांना उच्छ्वास म्हणत. कादंबरीकाराने आणखी काय मागावं? शहराखाली पाणी चालतंय आणि मधूनमधून श्वास सोडतंय! शिवाय आपल्याकडे मारुती डुल्या, जिलब्या, भिकारदास, विठोबा उपाशी, मुरलीधर तर चक्क खुन्या. साक्षीदारांची यादी तयार आहे. पाण्याच्या कडेला साती आसरा बसलेल्या आहेतच. आणि डोंगरावर वेताळ, तोही स्वतःच्या नावाच्या टेकडीसकट.

25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हाच ओढा टांगेवाला कॉलनीत, अरण्येश्वरच्या बाजूला घुसला आणि माणसं गेली. दुसऱ्या दिवशी जो तो ओढ्याबद्दल असं बोलत होता, जणू कोणी दारू पिऊन घरात शिरलंय. आरोनोविचांच्या टायबर्नबाईंनी हे ऐकलं असतं तर बोलणाऱ्याची धडगत नव्हती.

मी हे अण्णांना सांगितलं. म्हणजे एरवी सांगितलं नसतं, पण खुनी आठवत नव्हता, काहीतरी द्यायला हवं होतं.

अण्णा जरा वेळ गप्प राहिले. पानशेतच्या पुरात, 12 जुलै 1961 ला, ते नऊ वर्षांचे होते, नारायण पेठेत. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. बोलले तर त्यांच्या वडिलांची एक पितळी घागर वाहून गेली तेवढंच.

"मुठेवर आळ आला तेव्हा," ते म्हणाले. "नदी कोपली, नदी कोपली. अरे, धरण फुटलं होतं, तेही अर्धवट बांधलेलं. नदीने काय केलं? आलेलं पाणी पुढे नेलं. माझ्यासमोर केस आली असती तर निर्दोष सोडली असती तिला."

"तुम्ही कारकून होतात, अण्णा."

"म्हणून तर सांगतोय. न्यायाधीशांना कागद आम्हीच लावून द्यायचो." मग चष्मा पुसत हात पुढे केला. "आण बघू इकडे. अक्षर बारीक आहे का फार?"

होतं, पण मी नाही म्हणालो. ते आता सातव्या प्रकरणावर आहेत, हातात पेन्सिल. समासात एका ठिकाणी त्यांनी लिहिलंय, "जबाब घेतला, वेळ नमूद नाही."