सहाच्या आकड्याखालची दोन अक्षरं

एका घड्याळाचे दोन फोटो मिळवायला मला अकरा दिवस लागले. लिलाव बाराव्या दिवशी होता.

घड्याळ होतं ओमेगा सीमास्टर, स्टीलचं, कॅलिबर 501 (म्हणजे आतल्या मशीनचा प्रकार). वर्णनात लिहिलं होतं ‘1957, मूळ डायल’. किमतीचा अंदाज एका संध्याकाळी झाला. विकायला लावलेल्या किमती बघायच्याच नाहीत, मागणारा काहीही मागतो. याच मशीनची, स्टीलचीच, वर्षभरात प्रत्यक्ष विकली गेलेली आठ घड्याळं शोधली, दोन्ही टोकांची सोडली आणि मधल्यांवरून एक आकडा धरला. तो शंभर समजा.

पण हे शंभर मूळ डायलचे. डायल बदललेली असेल तर माझ्या हिशेबी पासष्ट. आणि नेमकं तेच दिसत नव्हतं. सहा फोटो होते, त्यांतले दोन डबीचे! डायलच्या फोटोत सहाच्या आकड्याखाली सावली. म्हणून मी लिलावघराकडे दोनच गोष्टी मागितल्या: डायलच्या खालच्या कडेचा जवळून फोटो आणि मागचं झाकण उघडून मशीनचा. त्या काळच्या ओमेगाचा नंबर आत मशीनवर असतो, त्यावरून साल कळतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘वस्तू आहे त्या स्थितीत विकली जाईल.’ अहो, पण स्थितीच तर विचारतोय! पाचव्या दिवशी ‘विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’. आठव्या दिवशी तेच जुने सहा फोटो, फक्त मोठे करून. सावलीही मोठी झाली होती. फोन केला तर बाईंनी अतिशय नम्रपणे तीनदा लॉट नंबर (लिलावातल्या वस्तूचा क्रमांक) विचारला आणि तीनदा लिहून घेतला.

अकराव्या रात्री फोटो आले. मशीन स्वच्छ, स्क्रूच्या खाचा शाबूत, नंबर दीड कोटीच्या पुढचा, म्हणजे 1957 शी जुळणारा. मी खूश. मग दुसरा फोटो उघडला. ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’. ती ट्रिटियमची खूण, 1960 च्या दशकापासूनची. त्याआधी काट्यांवर-आकड्यांवर चमकायला रेडियम लावत. डायल ओमेगाचीच, पण नंतर कधीतरी सर्व्हिसिंगमध्ये बसवलेली.

पासष्टमधून सर्व्हिसिंगचे दहा वजा केले, उरले पंचावन्न. त्यात 25 टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलावघर घेतं ते शुल्क, बसवायचा, म्हणजे बोली चव्वेचाळीसच्या वर नाही. कुरिअर आणि कस्टम ड्यूटी आणखी वेगळी.

हो, एक राहिलंच. जुने भाव टिपताना ते प्रीमियम धरून आहेत की नुसती हॅमर प्राइस (हातोडा पडला ती बोली), हे आधी बघा. मी पहिल्यांदा दोन्ही एकत्र केले होते. हॉलिवूड अभिनेता पॉल न्यूमनच्या रोलेक्स डेटोना घड्याळाचा 2017 च्या लिलावातला गाजलेला आकडा, 1 कोटी 77 लाख डॉलर, प्रीमियमसकट आहे. हातोडा 1 कोटी 55 लाखांवरच पडला होता. आणि पट्टा जिथे अडकतो त्या टोकांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या तर केस पॉलिश करून करून झिजलेली असते, तिथेही भाव कमी करा.

दुसऱ्या दिवशी चव्वेचाळीस पहिल्याच मिनिटात ओलांडले गेले. शेवटी ब्याण्णवला सुटलं, वर प्रीमियम. ‘टी’बद्दल मी त्यांना रात्रीच कळवलं होतं. वर्णनात शेवटपर्यंत ‘मूळ डायल’च होतं.