कापूस वेचणीच्या हंगामातला रविवार

मत्तयाच्या 11 व्या अध्यायातलं 28 वं वचन, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो', आपल्याकडे पाठ नसलेला ख्रिस्ती माणूस विरळा. 29 वं मात्र घाईत सुटतं. तिथे प्रभू येशू जू उतरवून ठेवा म्हणत नाही, माझं जू घ्या म्हणतो. जू नीट बसलं तर बैल दिवसभर डवऱ्याला, म्हणजे पिकातल्या कोळपणीला, चालतो. ते ओबडधोबड असलं की खांदा सुजतो, सोलवटतो, आणि मग पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदशेकणी काही पुरी पडत नाही. शिवाय जुवाला दोघं लागतात. शिकाऊ गोऱ्हा जाणत्या बैलासोबतच जुंपतात, तशी ही जोडी.

म्हणजे काम तसंच राहतं, कर्जही राहतं. तरीही विसावा मिळतो, पण त्याची सोय आधी लावावी लागते. निर्गम 34:21 सांगतं की नांगरणी आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबा. नेमका हंगाम धरूनच ही आज्ञा दिली आहे, रिकाम्या दिवसांत कोणीही थांबेल.

आपल्याकडची खरी अडचण बाजाराची. बाजाराच्या दिवशी मजूर कामावर येत नाहीत. गावचा बाजार बुधवारी असला आणि तुम्ही रविवार पाळला, तर आठवड्यात दोन दिवस वेचणी बंद. हा तोटा आधीच हिशेबात धरा, नाहीतर दुसऱ्याच रविवारी मन डगमगतं. कोरड्या हवेत फुटलेला कापूस एक दिवस झाडावर राहिल्याने बिघडत नाही. आभाळ भरून आलं असेल तर वेचून घ्या. भिजलेला कापूस पिवळा पडतो, भाव तुटतो. लूक 14:5 मध्ये शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, विहिरीत पडलेला बैल काढायला प्रभूची हरकत दिसत नाही. मात्र दर रविवारी बैल विहिरीत पडत असेल तर विहिरीला कठडा बांधायला हवा.

शनिवारी सूर्य मावळायच्या आत कापूस मोजून मजुरांचा चुकारा करून टाका, म्हणजे रविवारी दारात कोणी ताटकळत उभं राहत नाही. कुटार, ढेप गोठ्यात काढून ठेवा. पाणी भरा. दूध काढणं, चारा घालणं रविवारीही चुकत नाही, त्याचा अपराधीपणा नको. ओलिताची पाळी रविवारी आली तर शेजाऱ्याशी अदलाबदल करून बघा. आणि सालदारालाही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यालाही, सुट्टी द्या. मालक उपासनेला आणि सालदार वखरावर, याला शब्बाथ म्हणत नाहीत. अनुवाद 5:14 मध्ये दास, दासी, बैल, गाढव सगळ्यांची नावं घेतली आहेत. घरातल्या बाईचाही रविवार व्हावा यासाठी पाहुण्यांच्या पंगती आवरा, पिठलं-भाकरीवर भागवा. हे सहसा कोणी बोलत नाही.

रात्री झोप लागत नसेल तर वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढा. डावीकडे आपल्या हातातलं: कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला भेटणं, बोंडअळीचे पतंग अडकवणारे कामगंध सापळे तपासणं, पोरीच्या फीची तारीख. उजवीकडे हाताबाहेरचं: पाऊस, कापसाचा भाव. डावीकडचं एकच काम उद्यासाठी निवडा. उजवीकडची एकेक ओळ मोठ्याने वाचून प्रभूच्या स्वाधीन करा, रक्कम आणि तारखेसकट. 'सगळी चिंता दूर कर' अशी मोघम प्रार्थना केली की चिंता मोघमच उरते. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोन वचनांत 'किती काळ' हा प्रश्न चारदा येतो. देवापुढे कुरकुर चालते, हे तिथे दिसतं.

आता घोळ कुठे होतो ते. कोणी सभेत सांगतं की अमुक इतकं दान टाका, कर्ज फिटेल. येशूने कुठेही असं वचन दिलेलं नाही. उलट अशा दानाने आणखी एक हप्ता वाढतो. दुसरं म्हणजे खचलेल्या माणसाला 'तुझा विश्वास कमी' म्हणणं. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई, पुन्हा झोप, पुन्हा भाकर. बोलणं होतं ते कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर.

मंडळीत कोणी उपासनेला येणं सोडलं, जेवण तुटलं, बोलणं आटलं, तर हाच क्रम धरा. डबा घेऊन जा आणि वचन सांगायची घाई करू नका. जीव नकोसा झालाय का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. फवारणीचं औषध घरात असेल तर ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. माणसाला एकटं सोडू नका, सरकारी दवाखान्यात सोबत जा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पाळकांना कळवा, पण डॉक्टरांची भेट त्यांच्या येण्यावर अडवून ठेवू नका.