तुम्ही विचारलंत म्हणून : विनिपेगचा पुतळा आणि त्यामागचा निधी

विनिपेगला, म्हणजे कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीत, आमच्याकडे कुणी आलं की मी त्यांना विधानभवनाच्या हिरवळीवर नेते. तारास शेवचेन्कोच्या पुतळ्यापाशी प्रश्न ठरलेला : "युक्रेनचा कवी इथे कसा? आणि त्याच्या नावाचं ते फाउंडेशन कुणी काढलं?"

शेवचेन्को जन्माने भूदास, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचा. १८३८ साली ब्रुलोव्ह या चित्रकाराने काढलेल्या चित्राची सोडत काढून अडीच हजार रूबल उभे केले गेले आणि त्याला मालकाकडून सोडवलं. त्याच्या नावाने निधी उभा राहावा हे मला फार योग्य वाटतं.

१८९१ पासून युक्रेनी शेतकरी कॅनडात येऊ लागले. मॅनिटोबात १८९७ पासून एक सोय होती : शाळेत दुसरी भाषा बोलणारी दहा मुलं असली, तर इंग्रजीबरोबर त्या भाषेतूनही शिकवायचं. १९१६ साली सरकारने ती काढून घेतली. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि शत्रुपक्षातल्या ऑस्ट्रियाचे प्रजाजन म्हणून कॅनडाने हजारो युक्रेनी माणसं छावण्यांत डांबलेली होती. माझ्या मते फाउंडेशनचं खरं मूळ इथे आहे. आपली भाषा दुसऱ्याच्या मर्जीवर सोडायची नाही, हे ही माणसं तेव्हाच शिकली. मग शाळा भरू लागल्या त्या संध्याकाळी, शनिवारी, वर्गणीवर.

१९६१ साली, शेवचेन्कोच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, समाजाने वर्गणीतून हा पुतळा उभारला. अनावरणाला पंतप्रधान जॉन डिफेनबेकर आले होते. दोनच वर्षांत, १९६३ मध्ये, संसदेच्या कायद्याने शेवचेन्को फाउंडेशन स्थापन झालं. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून शिक्षणाला आणि कलांना मदत करायची. पुतळ्यासाठी एकदा वर्गणी काढली की काम संपतं. शाळेला पैसा दरवर्षी लागतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं.

२००८ साली त्या छावण्यांच्या स्मृतीसाठी केंद्र सरकारने एक कोटी डॉलर दिले, ते सांभाळायला याच फाउंडेशनकडे. हे सांगताना माझा आवाज दर वेळी जड होतो.

मागे एका शनिवारच्या वर्गात जाऊन बसले होते. सहा-सात वर्षांची मुलगी 'यी' गिरवत होती : उभी रेघ, डोक्यावर दोन टिंबं. रशियन लिपीत हे अक्षर नाही, पण 'उक्रायीना' त्याच्याशिवाय लिहिता येत नाही. तिने दुसरं टिंब इतकं दाबून दिलं की कागदाला भोक पडलं. बाईंनी पान उलटून दिलं, आणि तिने पुन्हा रेघ ओढली.