काकांचा उजवा गाल

मुलीच्या पिंपल्ससाठी दोघं आले होते. तिला तपासता तपासता माझी नजर शेजारी बसलेल्या वडिलांवर गेली आणि तिथेच अडकली. डावा गाल पन्नाशीतल्या माणसाचा, उजवा सत्तरीतल्या. उजव्या डोळ्याच्या कडेला जाड, पिवळसर कातडी, तिच्यात काळ्या ठिपक्यांची दाटी. गालावर एकमेकींना छेदणाऱ्या खोल रेघा.

"काका, गाडी चालवता का?"

"एसटीवर आहे, तीस वर्षं होत आली. तुम्हाला कसं कळलं?"

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१२ साली एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो आला होता. वय ६९, त्यातली २८ वर्षं ट्रकवर, आणि सुरकुत्या डाव्या बाजूला. तिथे स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. तो फोटो मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. पण तसा चेहरा प्रत्यक्ष समोर बसलेला प्रथमच बघत होते.

वाऱ्यासाठी खिडकी उघडी, आणि बंद केली तरी तिच्या साध्या काचेतून उन्हातले यूव्हीए हे अतिनील किरण बरेचसे आत येतातच. यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांनी कातडी भाजते, म्हणून ते जाणवतं. यूव्हीए गुपचूप खोल शिरतात आणि तिथे कोलॅजेन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडणारी एन्झाइम्स वाढतात. माणूस एक, वय एक, खाणंपिणं एक, तरी दोन गालांत एवढं अंतर! उन्हाचा वाटा किती मोठा, ते याहून स्वच्छ कुठे दिसणार?

मुलीनं पर्समधून एक महागडं कोलॅजेन क्रीम काढलं. "बाबांना हे लावू?" लावा, कातडी मऊ राहील, त्यापलीकडे काही नाही. रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात, आणि कोलॅजेनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या घरातला. धडधाकट त्वचेतून साधारण पाचशेच्या वरचं सहसा आत जात नाही. पगारदार माणसाचे पैसे अशा बाटल्यांत जातात याची मला खरोखर चीड येते.

काकांना दोनच गोष्टी लिहून दिल्या. ड्युटीवर निघताना यूव्हीएही अडवणारं सनस्क्रीन. कान, मान, उजवा हात धरून, आणि मधल्या स्टँडवर पुन्हा. रात्री ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मटाराच्या दाण्याएवढं, सुरुवातीला एक रात्र आड. मुलीला मुरुमांसाठी मी तेच लिहिलं होतं, त्यामुळे दोघं चिठ्ठ्या ताडून बघायला लागले. मुळात ते मुरुमांचंच औषध. वापरणाऱ्या प्रौढ बायकांची त्वचा नितळ होतेय हे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आलं, आणि १९८६ मध्ये त्यांनी उन्हानं जून झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम दाखवून दिला. ते नवं कोलॅजेन तयार करायला लावतं.

पहिले काही दिवस सालपटं निघाली, काका घाबरून फोन करायचे. सहा महिन्यांनी गाल हाताला मऊ लागला, बारीक रेघा विरल्या होत्या. खोल रेघा आहेत तशाच आहेत. त्या जाणार नाहीत, हे आधीच सांगितलं होतं. त्यांच्यामागून त्यांच्या डेपोतले आणखी चालक येऊन गेले. आता डेपोतच एक तपासणी शिबिर घ्यायचं आहे, त्यासाठी अर्ज दिला आहे.