भाऊ बीएमटी होऊन बरा झाला, पण तोंडाचं काय?

लहान भावाला अप्लास्टिक अनेमिया झाला होता, म्हणजे हाडातला मगज पुरेसं रक्तच बनवत नव्हता. बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी अंगात सोडणं) नागपूरला झालं, डोनर मी. सख्ख्या भावंडाचं पूर्ण मॅच व्हायचा चान्स २५ टक्केच असते म्हणतात, आमचं जुळलं. आता सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) चांगला येते, रक्तगट पण बदलून माझाच झाला (ओ होता, आता बी, याच्यावर घरात अजून मस्करी चालते), पऱ्हाटीत फवारणी सोडून सगळी कामं करते, त्यामुळे घरचे म्हणतात झालं बाप्पा, सुटलो एकदाचे.

मला मात्र त्याच्या तोंडाची चिंता आहे.

झालं असं की माझ्या पेशी त्याच्या अंगात गेल्या, रक्त बनवायला लागल्या, ते ठीकच, पण त्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटते आणि त्या त्याच्याच कातडीवर, डोळ्यांवर, तोंडावर हल्ला करतात, याला जीव्हीएचडी म्हणतात. त्याच्या दोन्ही गालांच्या आतून पांढऱ्या जाळीसारख्या रेघा आहेत. तोंड कोरडं पडते, लाळ कमी, ठेचा तर सोडाच, वांग्याची साधी भाजी पण झोंबते. स्टिरॉइडच्या गुळण्या करते तेवढ्यापुरतं बरं वाटते. आणि अशी वर्षानुवर्षं सूज राहिलेली जागा, वरून प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या, काहींना आधी दिलेलं रेडिएशन, हे सगळं जमून तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढते. तो पण लगेच नाही, पाच-दहा वर्षांनी, म्हणजे माणूस फाइल कपाटात टाकून मोकळा झाला की मग. स्वतःच्याच पेशी परत देतात त्या ऑटो ट्रान्सप्लांटमध्ये ही जीव्हीएचडीची भानगड सहसा नसते. फॅन्कोनी अनेमिया (जन्मापासून असणारा, जनुकातला रक्ताचा आजार) असलेल्या पोरांना तर तोंडाच्या कॅन्सरचा धोका शेकडो पट जास्त, ट्रान्सप्लांट न होताही. फॅन्कोनीची टेस्ट भावाची आधीच केली होती, निगेटिव्ह आली.

आता गावातली गंमत. पानठेल्यावर त्यानं पाण्याची बाटली घेतली तरी कोणीतरी म्हणतेच, "तोंडात चट्टे पडले म्हणजे खर्रा खात असन गा हा." अरे, त्यानं सुपारीचं खांड पण कधी तोंडात टाकलं नाही! पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत घोटत हे सांगतात वरून. आपल्याकडे खर्ऱ्यामुळेच कॅन्सर होते असं डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की न खाणाऱ्याच्या तोंडात कोणी पाहतच नाही. डॉक्टर पण नाही. जिभेच्या कडेला त्याला लाल चट्टा आला तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्स देऊन पाठवलं, बीएमटीची फाइल उघडली पण नाही. मग नागपूरला बायोप्सी झाली. कॅन्सर नव्हता, पण माइल्ड डिस्प्लेशिया आला, म्हणजे पेशी थोड्या बिघडल्या आहेत, लक्ष ठेवा. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तोंडाची तपासणी.

मधल्या काळात मी घरीच पाहतो. सकाळी छपरीत उजेडाला बसवतो, चमच्याच्या दांडीनं गाल बाजूला करतो, स्वच्छ फडक्यात जिभेचं टोक धरून डावीकडे, उजवीकडे ओढतो, दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू, हिरड्या. मोबाईलच्या टॉर्चमध्ये फोटो काढून तारखेनं ठेवतो. फोटो यासाठी की जीव्हीएचडीत तोंड तसंही पांढरं-लाल दिसते, नवीन काय आलं ते जुन्या फोटोशी ताडल्याशिवाय समजत नाही. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, बोटाला कडक लागणारी जागा, जिभेला बधिरपणा, मानेत गाठ, यातलं काही असलं की तारखेची वाट पाहायची नाही, सरळ जायचं. आणि दातांच्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की बीएमटी झालेला पेशंट आहे.

तंबाखू, सुपारी, दारू त्याला कायमची बंद आहे हे तर आलंच. लग्नाच्या पंगतीनंतर कोणी विडा पुढे केला की मीच मधात हात घालतो, लोक बुरा मानतात, मानू द्या.

पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, नेमकी कापूस वेचणीच्या ऐन गर्दीत. भाऊ आत्तापासूनच म्हणून राहिला की महिनाभर पुढे ढकल. ढकलणार नाही मी, मजूर लावीन दोन दिवस.