पट

पैलवानाच्या घरातलं पोर ज्युदोला आलं की पहिले दोन महिने माझाच घाम निघतो. कारण त्याला पडायला शिकवावं लागतं. आखाड्यात पाठ टेकली की संपलं, हे त्याच्या हाडात भिनलेलं. आणि माझा पहिला धडा उकेमी. म्हणजे मुद्दाम पाठीवर पडायचं, हनुवटी छातीला, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही आणि तळव्यापासून कोपरापर्यंतचा हात एकदम मॅटवर आपटायचा. हात अंगापासून फार लांब गेला तर खांदा जातो. ही पोरं हवेतच वळतात आणि पोटावर येतात! पालक म्हणतात, सर नुसते पाडतात, शिकवत काहीच नाहीत.

अमळनेर तालुक्यातली ती मुलगी अशीच आली होती. 2014 साली जिल्हा स्पर्धेत 44 किलोची अंतिम लढत. आदल्या रात्रीपासून उपाशी, वजन झाल्यावर दोन केळी, बस्स. एका वाझा-आरीनं, म्हणजे अर्ध्या गुणानं, पुढे होती आणि वीसेक सेकंद उरले होते. समोरची अंगावर आली तशी ही खाली झुकली, दोन्ही पाय कवेत घेतले, उचललं, आपटलं. हॉलभर टाळ्या. पंचांनी मात्र लढत थांबवली. हन्सोकु-माके. थेट बाद.

पाय धरण्यावर आंतरराष्ट्रीय महासंघानं 2010 साली बंदी आणली, 2013 ला ती आणखी कडक केली. मला ती आजही पटत नाही. मोरोते-गारी, म्हणजे दोन्ही पाय ओढून पाडण्याचा डाव, कुस्तीतल्या पटासारखाच, कोदोकान या ज्युदोच्या जपानमधल्या मूळ संस्थेच्या अधिकृत यादीत आहे. फक्त स्पर्धेत मारायचा नाही. बरं, त्या दिवशी ‘घरचा आखाडा सुटत नाही हो’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांपैकी निम्म्यांनी नियमांची पुस्तिका उघडलीही नसेल. मीही त्यांच्यासोबत मान डोलावली.

तिचे वडील खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन आले. “सर, पोरवर चिडू नका. पट तिले मीच शिकाडेल शे.”

“चालायचंच, दादा,” मी म्हणालो.

1998 चं माझं राज्य सुवर्ण मोरोते-गारीवरच आलेलं. तिच्या त्या जिल्हा स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी, पावसामुळे मैदान बंद होतं तेव्हा मुलं मागे लागली, सर, तुमचा डाव दाखवा. दाखवला. नंतर तिला माझ्यावर मारायला दिला. चौथ्या खेपेला मी खरंच पडलो, आणि शाबासकीही दिली. स्पर्धेत चालत नाही, हे सांगायचं राहिलं. की सांगावंसं वाटलं नाही?

तिचे वडील पट काढताना गुडघा टेकवतात. गावच्या कुस्त्यांच्या दंगलीत मी पाहिलंय. तिनं टेकवला नव्हता. खांदा पोटात, हात गुडघ्यांच्या मागे, अगदी माझ्यासारखं.

परतीच्या एसटीत ते तिला हळू आवाजात समजावत होते. मी मागच्या सीटवर होतो.

यंदा सखाराम महाराजांच्या यात्रेत भेटले. पुन्हा तोच विषय, पुन्हा तीच माफी. मी त्यांना उसाचा रस पाजला, आग्रह करून दुसरा ग्लासही.